आई-बाबा, पाऊस हे खरे कारण नव्हते

लिंझ, ऑस्ट्रिया
१४ जून

तीर्थरूप आई आणि बाबा यांना
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेले नऊ दिवस मी तुम्हाला फोनवर सांगत आले की पाऊस लागून राहिला आहे, म्हणून लिंझमधला मुक्काम वाढवला. पाऊस पहिले दोनच दिवस होता. ५ जूनला दुपारी मी सायकलवरून पडले आणि माझे डाव्या खांद्याकडचे कॉलरबोन मोडले, हे खरे कारण. जिवाला धोका तेव्हाही नव्हता आणि आताही नाही. डोके, मान, पाय शाबूत आहेत, आणि हे पत्र मी उजव्या हाताने, टेबलापाशी नीट बसून लिहिते आहे. फोनवर सांगायला घेतले तर आईचा आवाज ऐकूनच माझा धीर सुटेल आणि पुढचे अर्धवट राहील, म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो दादाकडे पाठवते. तो तुमच्याजवळ बसून वाचून दाखवील.

१८ मे रोजी डॅन्यूब नदीच्या उगमाशी, जर्मनीतल्या डोनाउएशिंगेनहून, काळ्या समुद्राकडे सायकलने निघाल्यापासून इथपर्यंतचे साधारण सातशे किलोमीटर काहीही त्रास न होता झाले होते. पासाऊच्या नगरभवनाच्या भिंतीवरची २०१३ च्या महापुराची खूण पाहून मला आपला सांगलीचा आयर्विन पूल आठवला, ते मी तुम्हाला सांगितलेच होते. पासाऊनंतरचा रस्ता तर संपूर्ण प्रवासातला सर्वांत सुंदर होता. श्लोगेनपाशी डॅन्यूब डोंगराला वळसा घालून जवळजवळ आल्या वाटेने परत फिरते. असल्या निर्धोक रस्त्यावरून दोन दिवस आल्यानंतर मी शहरात शिरले, आणि नदीकाठी जेवढे लक्ष देत होते तेवढेच इथेही दिले. चूक तिथेच झाली.

नदीवरचा पूल ओलांडला की गावातला मोठा चौक लागतो. पुलावरून आणि चौकातून ट्राम जाते, तिचे रूळ रस्त्यातच बसवलेले असतात आणि प्रत्येक रुळाला लागून एक खाच असते. असे रूळ सायकलने शक्यतो काटकोनात ओलांडायचे असतात. तिरके गेले की पुढचे चाक खाचेत अडकते, आणि पाऊस पडलेला असला की ओल्या लोखंडावरून घसरतेसुद्धा. हे मला ठाऊक होते. समोर छत्र्या घेतलेली माणसे आली, त्यांना चुकवण्यासाठी मी सायकल जराशी वळवली आणि रुळांना जवळजवळ समांतर झाले. सायकलला चार बॅगा मिळून वीस किलोंचे ओझे होते. चाक अडकले तसे हँडल हातातून गेले आणि मी सरळ डाव्या खांद्यावर आदळले. दोष ट्रामचा नाही, त्या माणसांचाही नाही.

पडताना हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. वेदना त्यानंतर क्षणभराने आली. उठून बसले तेव्हा उजव्या हाताने डावे कोपर उचलून धरावे असे शरीरालाच वाटत होते, आणि तसे धरले की थोडे बरे वाटत होते. बाजाराची पिशवी घेऊन चाललेल्या एका बाईंनी पिशवी खाली ठेवून माझ्या डोक्यावर छत्री धरली, दुसऱ्या कोणी रुग्णवाहिकेसाठी १४४ ला फोन केला, आणि मागून आलेली ट्राम माझी सायकल बाजूला होईपर्यंत शांतपणे उभी राहिली. हेल्मेटला डाव्या बाजूने बोटभर चीर गेली आहे. ते मी टाकलेले नाही. घरी आणून तुम्हाला दाखवणार आहे.

रुग्णालयात डॉक्टरांनी आधी डोके आणि मान तपासली, मग बोटांना स्पर्श कळतो का, मनगटाची नाडी लागते का हे पाहिले, आणि त्यानंतर एक्स-रे काढला. हाड मधल्या भागात मोडले आहे. कॉलरबोन बहुधा तिथेच मोडते. दोन्ही टोके फारशी सरकलेली नाहीत, त्यामुळे शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. हात झोळीत ठेवायचा, सहा आठवडे वजन उचलायचे नाही, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. मात्र बोटे, मनगट आणि कोपर रोज हलवत राहायचे, नाहीतर सांधे आखडतात. हाड जुळेल तिथे पुढे एक लहानशी गाठ हाताला लागेल, तिची काळजी करू नये, असेही त्यांनी सांगितले.

बाबा, शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा घ्यावाच लागतो. तुम्ही मात्र त्याहून मोठा घ्यायला लावलात आणि सायकलवरचा अपघात त्यात धरला जातो का हे लेखी विचारायला लावलात. तेव्हा मी वैतागले होते. रुग्णालयात नाव लिहून घेताना तोच कागद पहिल्यांदा पुढे केला आणि पैशांचा प्रश्न तिथेच मिटला. तुमच्या सवयीप्रमाणे प्रत्येक पावती पाकिटात तारीखवार लावून ठेवली आहे.

सध्या नदीजवळच्या एका घरात खोली घेऊन राहते. घरमालकीणबाई सत्तरीच्या आहेत, एकट्याच असतात, आणि आमची एकमेकींची भाषा जेमतेम जुळते. झोपताना पाठीशी तीन उशा लावून अर्धवट बसूनच झोपावे लागते. सदरा घालताना आधी दुखरा हात बाहीत घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. एका हाताने केस मात्र बांधता येत नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी माझी खटपट पाहिली, मला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवले आणि काहीही न बोलता वेणी घातली. त्यांचा पेड सैल असतो, आई, तुझ्यासारखा घट्ट नाही. त्या दिवशी मी पडल्यानंतर पहिल्यांदा रडले.

तुम्हाला नऊ दिवस अंधारात ठेवले त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागते. आईचा रक्तदाब वाढेल ही भीती खरी होती, पण "हे तुझ्याच्याने झेपणार नाही, आता परत ये" असे ऐकावे लागेल ही भीती त्याहून मोठी होती. माझ्या परीक्षेच्या वेळी आई न्हाणीघरात घसरली आणि मनगटाचे प्लास्टर निघेपर्यंत तुम्ही मला काहीच कळू दिले नाही, त्याचा राग माझ्या मनात कितीतरी दिवस होता. आता मीही तेच केले. यापुढे असे काही झाले तर मी त्याच दिवशी सांगेन, आणि तुम्हीही मला त्याच दिवशी सांगावे, एवढे मागते.

पुढचा प्रवास मी इथेच थांबवते आहे. हा निर्णय माझा आहे आणि तो हिशेब करून घेतला आहे. सहा आठवडे जुलैच्या मध्यावर पूर्ण होतील, व्हिसावर राहता येणारे माझे नव्वद दिवस ऑगस्टच्या मध्यावर संपतात, आणि काळा समुद्र इथून अजून दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर आहे. नुकत्याच जुळलेल्या हाडावर तेवढे ओझे घालणे शहाणपणाचे नाही. नदीकाठी किलोमीटरचे फलक आहेत, आणि त्यांवरचे आकडे मुखापासून उलटे मोजलेले असतात. लिंझच्या फलकाचा फोटो मी काढून ठेवला आहे, कारण पुन्हा येईन तेव्हा तिथूनच सुरुवात करायची आहे. सायकल सोडण्याचे वचन तुम्ही मागू नये. मला ते देता येणार नाही.

१९ तारखेला पुन्हा एक्स-रे आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली की २२ ला रेल्वेने व्हिएन्ना, तो सव्वा तासाचा प्रवास आहे, आणि २३ ला तिथून विमानाने मुंबई. दादाने मोठी गाडी घेऊन यावे, कारण सायकलची पेटी रिक्षाच्या टपावरही मावणार नाही आणि मला ती उचलता येणार नाही. आई, तुझ्या मनगटाच्या व्यायामाचा तो रबरी चेंडू माळ्यावरच्या निळ्या डब्यात असावा. तेवढा काढून ठेव.

तुमची,
मनू