अलार्मचे आकडे कोणीही बदलावेत का?

संपादक साहेब, नमस्कार.

कारखान्यात अपघात झाला की बॉयलर, हेल्मेट, ठेकेदार यावर भरपूर बोलणं होतं, पण कंट्रोल रूममधल्या अलार्म सेटिंगबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितोय. मी बरीच वर्षं बुटीबोरी-हिंगण्याकडे इन्स्ट्रुमेंटचं काम करतो.

एका कारखान्यात पंपाच्या बेअरिंगचा तापमान अलार्म 75 अंशांवर होता, सेन्सरची वायर ढिली असल्यानं रात्रभर उगाच वाजून राहिला होता, अ‍ॅकनॉलेज करून करून (म्हणजे ‘अलार्म पाहिला’ असं बटण दाबून दाबून) ऑपरेटर वैतागला आणि त्यानं स्क्रीनवरूनच 75 चे 95 केले. आवाज बंद. हँडओव्हर रजिस्टरमध्ये एक ओळ नाही, सकाळच्या शिफ्टला वाटलं सगळं नॉर्मल आहे, आम्ही नंतर कॅलिब्रेशनला, म्हणजे सेन्सर बरोबर मोजतो का ते तपासायला, गेलो तेव्हा कुठं हे कळलं. कोणी बदललं ते शोधायला लॉग काढला तर नाव एकच, ‘इंजिनिअर’, कारण तो पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला आणि तिन्ही शिफ्ट त्याच लॉगिनवर काम करून राहिल्या होत्या.

छोटी गोष्ट वाटते ना? 1984 ला भोपाळमध्ये एमआयसी या विषारी रसायनाची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि तापमानाचा अलार्म 11 वरून 20 अंशांवर नेऊन ठेवला होता. टाकी तापायला लागली तेव्हा वेळेत सावध करायला हा अलार्म कामाचा उरलाच नव्हता.

उपाय काही नवीन नाहीत. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या, ऑपरेटरला अलार्म अ‍ॅकनॉलेज करता यावा, फार तर ठराविक वेळापुरता बाजूला ठेवता यावा आणि वेळ संपली की तो आपोआप परत यावा, पण सेटपॉइंट, म्हणजे ज्या आकड्यावर अलार्म वाजतो तो, बदलायचा तर लेखी मंजुरी आणि इंजिनिअरचंच लॉगिन, अन् जुना आकडा, नवा आकडा, नाव, वेळ सगळं लॉगमध्ये. मंजूर यादी आणि सिस्टीममधले चालू आकडे अधूनमधून जुळवून पाहायचे, बहुतेक डीसीएसमध्ये (कंट्रोल रूममधून प्लांट चालवणाऱ्या संगणक यंत्रणेत) ही सोय असते, वापरत कोणी नाही. अलार्म कसे सांभाळायचे याचं आयएसए 18.2 हे स्टँडर्ड 2009 पासून आहे, त्यात यातलं बहुतेक आलंय.

पण नुसतं कुलूप लावून भागणार नाही हो. ऑपरेटरला मेमो द्यायच्या आधी ती ढिली वायर त्याच रात्री का दुरुस्त झाली नाही हे मेंटेनन्सला विचारा. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर स्फोट झाला, त्यानंतर तिथल्या टेक्निशियननं साक्षीत सांगितलं की खोट्या अलार्मनं रात्री लोकांची झोपमोड होऊ नये म्हणून सगळ्यांना सावध करणारा जनरल अलार्म आपोआप वाजणार नाही असा करून ठेवला होता. 11 जण गेले. खोटा अलार्म वाजतच राहिला तर माणूस पासवर्ड कुठूनतरी मिळवतोच.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या अधिकाऱ्यांना विनंती, तपासणीला याल तेव्हा फायर एक्स्टिंग्विशरच्या तारखा बघताच, तसे कंट्रोल रूममध्ये बसून गेल्या महिन्यात कोणकोणते सेटपॉइंट बदलले आणि कोणाच्या सहीनं, एवढं काढून दाखवायला सांगा.

– एक इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, नागपूर