आई-बाबा, यायच्या आधी पोरांच्या जेवणाबद्दल थोडं

ती. बाबा आणि आई,
सा. न.

हे सगळं फोनवरच बोलणार होते पण फोनवर आपलं काय होतं माहितेय ना, आई तू विचारतेस पिल्लू जेवली का, मी म्हणते जेवली, तू म्हणतेस काय जेवली, मी सांगते, आणि मग तू गप्पच होतेस. त्या गप्प होण्यात मला सगळं कळतं. म्हणून लिहून पाठवतेय. संध्याकाळचा चहा झाला की दोघांनी निवांत बसून वाचा, घाईत नको.

पहिलं म्हणजे गणपतीत जे झालं त्याबद्दल. तू पिल्लूच्या मागे वरणभाताची वाटी घेऊन फिरत होतीस आणि मी ती वाटी तुझ्या हातातून काढून घेतली, तेही सगळ्या पाहुण्यांसमोर. तसं करायला नको होतं. त्यानंतर दोन दिवस तू तिला भरवलंच नाहीस, लांबून बघत बसायचीस, आणि मला साधं सॉरी म्हणायलाही सुचलं नाही. चुकलंच माझं आई. पण मी एवढी का चिडले होते ते तेव्हा सांगितलं नाही, ते आता सांगते, कारण आता तुम्ही दोन महिन्यांसाठी येताय, माझं ऑफिस आठवड्यातले चार दिवस जाऊन करायचं आहे, आणि दुपारचं, पाचचं खाणं सगळं तुमच्याच हातात असणार.

गणपतीच्या आधी श्रावणात पिल्लूचं रक्त तपासलं होतं. तुम्हाला सांगितलं नव्हतं, काळजी करत बसाल म्हणून. हिमोग्लोबिन ९.४ निघालं. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला ११ तरी पाहिजे. मला वाटलं माझं पोर कुपोषित आहे की काय, रात्रभर झोप नाही. डॉक्टर म्हणाल्या घाबरू नका, आपल्याकडे फार मुलांना आहे हे, सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्त कमी असलेली निघालीत, आणि मग त्यांनी विचारलं दूध किती पिते. मी अगदी अभिमानाने सांगितलं, दिवसाला चार बाटल्या, म्हणजे जवळजवळ लिटरभर. तर म्हणाल्या हेच कारण आहे. दुधात लोह नसल्यातच जमा, त्यात पोट भरतं म्हणून पोरगी जेवत नाही, जेवत नाही म्हणून आपण परत दूध देतो. दिवसाला अर्धा लिटरच्या वर दूध नको म्हणाल्या, आणि लोहाचे थेंब दिले.

आई, हे सगळं मीच करत होते. जेवली नाही की जीव राहायचा नाही, बाटली द्यायचे. नाहीतर मोबाईलवर गाणी लावून, तिचं तोंड उघडं राहिलं की घास आत. तिला काय खाल्लं ते कळायचंही नाही. तू आम्हाला काऊचा घास चिऊचा घास करून भरवायचीस ते वेगळं होतं, त्यात तू बोलायचीस, आम्ही खिडकीतून खरंच कावळा शोधायचो. मी काय करत होते तर स्क्रीनसमोर बसवून फक्त वाटी संपवत होते.

अजून एक गोष्ट तेव्हाच कळली ती तुला मुद्दाम सांगतेय, कारण प्रत्येक वेळी तू म्हणतेस पोर वाळलंय. पहिल्या वर्षात मूल जन्माच्या तिप्पट वजनाचं होतं, पिल्लू २.९ ची होती ती वाढदिवसाला ९ किलो झाली. पण दुसऱ्या वर्षभरात मुलं दोन-अडीच किलोच वाढतात, सगळीच. वाढ हळू होते म्हणून भूकही कमी होते. म्हणजे दीड वर्षाच्या पुढे पोर अचानक जेवेनासं होतं ते नजर लागून नाही आणि तुझ्या हाताला चव नाही म्हणून तर अजिबात नाही.

तेव्हापासून घरात एकच गोष्ट ठरवलीय आणि तेवढी एकच मला तुमच्याकडून हवी आहे. काय करायचं आणि किती वाजता वाढायचं ते आपण ठरवायचं. किती खायचं ते त्यांनी. ताटात सगळं थोडं थोडं वाढायचं, एक पदार्थ नक्की खातील असा ठेवायचा, आणि नको म्हणाले की ताट उचलायचं. मागे फिरायचं नाही, मोबाईल नाही, "एवढं खाल्लंस तर चॉकलेट" नाही. पहिले आठ दिवस मला फार जड गेले, खोटं नाही सांगत, एका रात्री ती दोन घास खाऊन झोपली आणि मी ओट्याशी उभी राहून रडले. पण सकाळी उठून तिने अख्खं धिरडं खाल्लं. नवीन भाजी मुलं पहिल्यांदा खात नाहीत, आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा ताटात दिसावी लागते तेव्हा कुठे तोंडात जाते. पडवळ दादूने अकराव्या की बाराव्या वेळेला खाल्लं. मी भाज्या लपवून पण घालत नाही, लपवलेली भाजी ओळखीची कशी होणार?

आता काय करते ते सांगते. मी केवढी पुस्तकं चाळली, व्हिडिओ बघितले, क्विनोआ आणला, पास्ता आणला, ब्रोकोली आणली, आणि शेवटी पोरं काय खातात तर तू शाळेतून दमून आल्यावर अर्ध्या तासात करायचीस तेच. पिठलं, मुगाची खिचडी, धपाटे, चकोल्या. तू साडेपाचला यायचीस, पर्स खुंटीला लावली की पदर खोचून थेट पीठ घ्यायचीस परातीत, बाबा तुम्ही कांदा चिरून द्यायचा, आणि सव्वासहाला आम्ही चौघं जेवायला बसलेलो असायचो. तेव्हा मला वाटायचं हे आपोआप होतं. आता माझ्या घरात सहाला आत आल्यावर बूट काढायच्या आधी मला तू दिसतेस.

चकोल्यांचं तर सांगायलाच पाहिजे. आठवड्यातून एकदा असतातच. सकाळी जाताना तूरडाळ भिजत घालून जाते, आल्या आल्या त्यात लाल भोपळ्याच्या फोडी आणि हळद घालून कुकर, तीन शिट्ट्या. तोवर कणीक, त्यात ओवा, मीठ, थोडं तेल, घट्टच मळायची. पोळी मी लाटते आणि कापायचं काम दादूचं. त्याला स्टीलची ती छोटी वाटी दिलीय, मेतकूटाच्या डब्यात असायची ना ती. जीभ बाहेर काढून, दोन्ही हातांनी दाबून, एकेक गोल कापतो आणि ताटलीत असे मांडतो की एकाला दुसरा लागता कामा नये. उरलेल्या कडा पिल्लूच्या, ती त्याचे साप करते, पीठ सगळं केसात. मग लसूण-कढीपत्त्याची फोडणी, घोटलेलं वरण, आमसूल, गुळाचा खडा, काळा मसाला अगदी चिमूट, आणि वरण खळखळ उकळत असतानाच एकेक चकोली सोडायची नाहीतर गोळा होतो हे तुझंच वाक्य मी रोज मनात म्हणते. सात-आठ मिनिटांत शिजतात. वरून तूप आणि लिंबू. लिंबू विसरायचं नाही, डाळीतलं, धान्यातलं लोह अंगी लागायला आंबट लागतं. तिखट अजिबात नाही, आम्ही दोघं आमच्या ताटात शेंगाचटणी घेतो वरून. म्हणजे मुलांचं वेगळं आणि मोठ्यांचं वेगळं असं दोनदा काही करावंच लागत नाही, एका पातेल्यात सगळं घर जेवतं. आणि स्वतः कापलेली चकोली दादू कधीच ताटात टाकत नाही, मोजून खातो, मागच्या बुधवारी चौदा.

बाकीचं पटकन सांगते. मुगाची डाळ रात्री भिजवून सकाळी आलं-जिरं घालून वाटते, त्याची धिरडी, टिफिनला पण तीच, आत किसलेलं पनीर. धपाट्यात ज्वारीचं पीठ, मूठभर बेसन, थोडी कणीक, काकडी किंवा दुधी किसून, तीळ, हे गार झाले तरी मऊ राहतात. दादूच्या शाळेत धपाटा नेला तर पहिल्या दिवशी मुलं हे काय म्हणाली, आता त्याला दोन जास्तीचे द्यावे लागतात वाटायला. नाचणीची आंबोळी आठवड्यातून दोनदा, नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळपास तिप्पट, म्हणून दूध कमी केलं तरी आई तू घाबरू नको. रविवारी दाण्याचं कूट, लसूण सोलून, नारळ खवून एवढं करून ठेवलं की आठवडा निघतो.

एक सांगायचं होतं, बाबा, रागावू नका. मुलांना आम्ही अंडं देतो. डॉक्टरांनी सांगितल्यापासून, दोघांनाही आवडतं. तुम्ही असताना ते सकाळी तुमची पूजा व्हायच्या आत होईल, तवा वेगळा, भांडी वेगळी, तुमच्या स्वयंपाकाला त्याचा हात लागणार नाही. पण बंद नाही करणार, हे तुम्ही समजून घ्याल असं वाटतं.

आणि बाबा, तुमच्या खिशातले फुटाणे. मला माहितेय नातवंडं आली की तुम्ही मुद्दाम खिसा भरून ठेवता, आम्हालाही तुम्ही तसेच द्यायचात. पण पिल्लूला फुटाणे, शेंगदाणे अख्खे अजिबात नाही द्यायचे, चार-पाच वर्षांपर्यंत ते श्वासनळीत अडकायची भीती असते, पळता-पळता, हसता-हसता तोंडात असेल तर जास्तच. दाढा नीट आलेल्या नसतात ना, चावलं जात नाही. कूट करून काहीही द्या. तुमच्यासाठी एक काम शोधून ठेवलंय, पंढरपुरी डाळं मिक्सरमधून काढायचं, त्यात किसलेला गूळ, तूप, वेलची, आणि लाडू वळायचे. गॅस लागत नाही, दहा मिनिटांत होतात. पाचच्या खाण्याला एक लाडू आणि पेरूच्या फोडी. दादूला बशीतला चहा आणि बिस्कीट मात्र नको हां. चहाने लोह अंगी लागत नाही आणि साडेपाचला बिस्किटं खाल्ली की सातला जेवत नाही, मग आई म्हणते पोर जेवत नाही, आणि परत तेच चक्र. तुम्ही चहा घ्या, त्याला तुमच्या शेजारी बसायचं असतं, चहा नसला तरी तो बसतो.

परवा परत रक्त तपासलं. १०.८. अजून थोडं राहिलंय पण डॉक्टर म्हणाल्या छान चाललंय. रिपोर्ट हातात आला तेव्हा पहिला फोन तुला करणार होते आणि मग आठवलं की तुला तर आधीचाच आकडा माहीत नाही. यापुढे असं लपवणार नाही.

आई, तू भरवू नको असं माझं म्हणणंच नाही. तिच्या शेजारी ताट घेऊन बस आणि तू जेव. तू भाकरी कशी कुस्करतेस, ताकात कशी कालवतेस हे तिने बघितलेलंच नाही, कारण तू कायम तिचं झाल्यावर, सगळ्यांचं झाल्यावर उभ्याने जेवतेस. ती तुझ्या ताटात हात घालेल बघ. घालू दे. मागितला घास तर दे, काऊचा म्हणून दे, चिऊचा म्हणून दे, तोंड फिरवलं की थांब, एवढंच.

येताना काय आणायचं ते सांगते. शाळूचं पीठ तीन किलोच आण, जास्त नको, आणि निघायच्या आदल्या दिवशीच दळून आण, इथलं गिरणीतलं पीठ जुनं असतं, विरी गेलेली असते, भाकरी थापताना चिरते आणि मला अजून तुझ्यासारखी सावरता येत नाही. मेतकूट संपलंय. हळीव मिळाले तर पावशेर. शेंगाचटणी आमच्यासाठी, आणि मुलांसाठी तिखट न घालता नुसती लसूण-जिऱ्याची वाटीभर वेगळी कुटून. आणि माळ्यावरची आजीची लोखंडी कढई आण, पालेभाजी त्यात केली की भाजीत थोडं लोह उतरतं म्हणे, मी इथे नवीन घेणार होते पण ती घरची असताना कशाला. गंजली असेल तर मी घासून घेईन, तू घासत बसू नको, हात दुखतो तुझा.

हुतात्माने येताय ना, मी स्टेशनवर येते, दादूची शाळा बुडाली तरी चालेल, त्याला यायचंच आहे. रिक्षा करून येऊ नका.

तुमची,
ताई

ता.क. बाबा, कढई पिशवीत तळाला ठेवा आणि पिठाची पिशवी वेगळी हातात घ्या, मागच्या वेळी डब्याच्या काठाने पिशवी फाटून सगळं पीठ गाडीत सांडलं होतं आणि आई कुर्डुवाडीपर्यंत हळहळत होती.