‘डॉक्टर नाही, ड्रेसर’ म्हणणाऱ्या काकांना

ती. काका यांस,

शि. सा. न. वि. वि.

अख्खी आळी तुम्हाला डॉक्टरकाका म्हणते आणि तुम्ही दर वेळी न चुकता म्हणता, "डॉक्टर नाही, ड्रेसर. गुरांच्या दवाखान्यात जखमा धुण्यात हयात गेली आपली." म्हणून मी नुसतं काका लिहिलंय. समोर आभार मानायला आलं की तुम्ही विषय पावसावर नेता, नाहीतर सूनबाईंना चहा टाकायला सांगता. तेव्हा आता चारचौघांत लिहिते. सूनबाई मोबाइलवरून वाचून दाखवतील तेव्हा तुम्हाला उठून जाता येणार नाही.

तुम्हाला सगळं माहीत आहेच, पण बाकीच्यांसाठी थोडं सांगते. साताऱ्यातला आषाढातला पाऊस, म्हणजे अजिंक्यतारा दिवसचे दिवस ढगात. अशा पावसात कोणीतरी आमच्या बिल्डिंगच्या गेटाशी बुटांचा खोका ठेवून गेलं. वरून चिकटपट्टी लावलेली, आणि एका बाजूला पेनाने पाडलेली भोकं. भोकं पाडण्याइतकी दयाबुद्धी शिल्लक होती म्हणायची. वॉचमनने खोका उघडला आणि आतलं मांजराचं पिल्लू त्याच्या हातावरून उडी मारून थेट जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांमागच्या फटीत जाऊन बसलं. मग तिथे जत्राच भरली. एकजण झाडूच्या दांड्याने ढोसायला निघाला, एकीने वाटीभर गाईचं दूध आणलं, मुलं ‘म्याव म्याव’ करत टॉर्च मारायला लागली. आतून नुसतं फिसकारणं ऐकू येत होतं. आमच्या सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तापल्या तेलात मोहरी पडावी तसं करतंय की हे." तिचं नाव फोडणी पडलं ते तिथेच. बाहेर यायच्याही आधी.

आणि मग तुम्ही आलात, छत्री मिटवलीत आणि पहिल्यांदा सगळ्यांना घरी पाठवलंत.

त्या दिवशीच्या त्या एका गोष्टीसाठी मला तुमचे सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत. भ्यालेल्या जनावराला माया दाखवायची माणसाला भारी घाई असते. आमच्या घरात तर ती जरा जास्तच आहे. लेक तर पिल्लाला छातीशी धरून ‘घाबरू नको’ म्हणायला आतुर झाली होती. तुम्ही म्हणालात, "ते आत्ता तुला वाघ समजतंय बाळा. वाघानं ‘घाबरू नको’ म्हणलं तर तू काय करशील?" लेक गप्प बसली. मीही.

तुमचा पहिला प्रश्न मात्र भलताच होता. "सोडलेलंच आहे ना नक्की?" भाटी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, ते उगाच नाही. एकेक पिल्लू तोंडात धरून ती जागा बदलत असते आणि मधल्या फेरीत दिसलेलं एकटं पिल्लू लोक ‘अनाथ’ म्हणून उचलून आणतात. पिल्लू उबदार, पोट भरलेलं, शांत असेल तर लांबून काही तास वाट बघायची, हे मला तेव्हा कळलं. आमच्या बाबतीत चिकटपट्टी होती आणि चिकटपट्टी काही भाटी लावत नाही. तेवढं ठरल्यावर तुम्ही कामाला लागलात.

पकडण्याचा तुमचा बेत बघून आमच्या ह्यांना हसू आलं होतं. घरून कोंबड्या झाकायचं डालगं आणलंत, त्याची एक कड काडीवर टेकवलीत, काडीला सुतळी बांधलीत आणि आत मूठभर सुकट टाकलंत. मग जिन्यावर, पिल्लाकडे पाठ करून, सुतळीचं टोक बोटाला गुंडाळून बसलात. बल्ब बंद. ये-जा बंद. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनासुद्धा तुम्ही खुणेनेच माघारी धाडलंत. मला वाटलं, ह्या वासाने पिल्लू येईल न येईल, गल्लीतले सगळे बोके मात्र नक्की येतील. पण ती आली. आधी मिशा, मग नाक, मग चिखलाने माखलेला एक पांढरा पंजा. तुम्ही सुतळी ओढायची सोडून आणखी थांबलात. ती पुरती आत जाऊन सुकट खायला लागली, शेपूट खाली आली, तेव्हाच काडी निघाली. डालग्याखालून पुठ्ठा सरकवून, वर ओढणी टाकून तुम्ही तिला आमच्या घरात आणलंत. तुम्हाला एक ओरखडा नाही, तिला एक धक्का नाही.

पुठ्ठा सरकवतानाच तुम्ही सांगितलंत, "ही पोरगी आहे." उचलून न बघता! काळा, पांढरा आणि नारिंगी असे तिन्ही रंग अंगावर असले की मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं, कारण नारिंगी रंगाचा वारसा एक्स गुणसूत्रावरून येतो आणि काळा-नारिंगी दोन्ही दिसायला साधारणपणे दोन एक्स लागतात, जे सहसा मादीकडेच असतात, हे मी नंतर वाचलं. तुम्ही ते दवाखान्यात बघून बघून शिकलात. वयही तसंच. डोळ्यांतला निळा रंग नुकता ओसरायला लागला होता, दुधाचे दात पुरते आले होते, म्हणजे सहा-सात आठवडे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मात्र सहाशे ग्रॅमसुद्धा भरेना. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडलीत तर ती सावकाश खाली बसली. "अंगातलं पाणी कमी झालंय. आणि गार पडलीय. आधी ऊब, मग अन्न. गार पिल्लाला भरवायचं नाही, पचत नाही त्याला." गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या निम्म्याच भागात ठेवायची, म्हणजे उकडलं तर तिला सरकता येईल, हा तपशील मला एरवी सुचलाच नसता.

दुधाची वाटी तुम्ही परत पाठवलीत. गाईच्या दुधातली साखर मांजराच्या पिल्लाला पचत नाही, हगवण लागते, आणि एवढ्याशा जिवाला हगवण म्हणजे दोन दिवसांत खेळ खलास. खायला उकडलेली कोंबडी चालेल म्हटल्यावर सासूबाई उत्साहाने म्हणाल्या, "मग आमच्या अळणीतलेच दोन तुकडे काढून ठेवते की." त्यावर तुम्ही हात जोडलेत. "वैनी, तुमच्या अळणीतबी कांदा-लसूण, हळद, मीठ असतंय. कांदा-लसूण मांजराचं रक्त बिघडवतंय. नुसतं पाण्यात उकडा." त्या दिवसापासून आमच्या शाकाहारी वारीसुद्धा एक पातेलं वेगळं चढतं आणि सासूबाई ते स्वतः चढवतात. मांजर आडवं गेलं की पाच पावलं मागे जाणारी ही बाई! असो.

खरी परीक्षा पुढे होती. कोठीच्या खोलीत तिला ठेवलं. खाटेखाली जाऊ द्यायचं नाही, कारण तिथून ती निघणार नाही आणि आपला हात पोचणार नाही. पण लपायला जागा हवीच, म्हणून दाराच्या मापाचं भोक पाडलेला खोका, आत माझी जुनी सुती साडी. कोपऱ्यात परातीत वाळू. आणि आमच्यासाठी नियम. आत जाऊन जमिनीवर बसायचं, तिच्याकडे तोंड करून नाही, कुशीला वळून. टक लावून बघायचं नाही. नजर भिडलीच तर डोळे हळूहळू मिटायचे, हळूच उघडायचे. लेकीला हा सगळा प्रकार मंत्रतंत्रासारखा वाटला. पण इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये हेच तपासून प्रसिद्ध केलंय. माणसाने असे डोळे बारीक केले की मांजरंही तसेच करतात आणि अनोळखी माणसाच्याही जवळ यायला जास्त राजी होतात. तुमचा शोधनिबंध काही छापून आला नाही, एवढाच फरक.

लेक तिथे बसून इतिहासाचे धडे मोठ्याने वाचायची, कारण आवाजाची सवय व्हायला हवी, असं तुम्ही सांगितलं होतं. फोडणीला पुरंदरचा तह आता पाठ असावा. खाणं फक्त आम्ही तिथे असतानाच ठेवायचं, ठेवून निघून जायचं नाही. मग ते लांब दांड्याच्या चमच्यावर. रोज दांडा थोडा आखूड धरायचा. मी एकदा कंटाळून विचारलं, "काका, हे असं किती दिवस?" तुम्ही म्हणालात, "तुम्ही तिच्याकडं जाताय का ती तुमच्याकडं येतीय, तेवढंच बघायचं. दिवस मोजायचे ते बँकेत."

मांजराच्या पिल्लांना माणसाची सवय लागण्याचा सोपा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा, असं अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी पिल्लं हाताळण्याच्या प्रयोगांतून दाखवलं होतं. म्हणजे फोडणी आमच्याकडे आली तेव्हा ते दार लागतच आलेलं होतं. तुम्हाला ते ठाऊक होतं, कारण तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला होतात की वय सरत आलंय, वेळ लागेल. पण ‘जमणार नाही’ असं म्हणाला नाहीत.

आणि तो टूथब्रश! पातळ काठीच्या टोकाला बांधलेला जुना मऊ ब्रश घेऊन तुम्ही आलात, तेव्हा मी सासूबाईंकडे बघितलं आणि त्यांनी माझ्याकडे. फोडणी खोक्याच्या तोंडाशी बसलेली, कान मागे पाडलेले, अंग आक्रसलेलं. तुम्ही ब्रश वरून नाही, खालून नेलात, तिच्या नाकाशी थांबवलात. तिने फिसकारलं. ब्रश तिथेच. तिने पंजा मारला. ब्रश तिथेच. मग तिने वास घेतला आणि तुम्ही गालावरून, मिशांच्या मागून कानाकडे एकच फेर काढलात. पुन्हा एक. आईची जीभ अशीच खरखरीत असते, हे तुम्ही तेवढ्या वेळात हळू आवाजात सांगत होतात. तिसऱ्या-चौथ्या फेराला तिचा एक कान पुढे आला. मान कलली. आणि मग तिने हनुवटी स्वतःहून वर केली, ‘इथे राहिलं की’ म्हणावं अशी. लेकीने तोंडावर हात दाबून धरला होता. पुढे आम्ही काठी आखूड करत गेलो, मग नुसता ब्रश, मग ब्रशच्या आडून एक बोट. बोटाखाली पहिल्यांदा घुर्रघुर्र लागली तेव्हा मला आधी कळेचना, हे काय थरथरतंय.

मध्येच एकदा दार वाऱ्याने धाडकन आपटलं आणि तिने माझ्या मनगटावर चांगली रेघ ओढली. मी हळद शोधत होते. तुम्ही फोनवरच ओरडलात, "हळद ठेवा बाजूला! नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा आणि सिव्हिलला जा." घरात ठेवलेलं पिल्लू आहे, एवढंसं तर आहे, असं मी म्हणायला लागले तर तुम्ही ऐकूनच घेतलं नाहीत. कुठून आलंय माहीत नाही, आईला काय झालं होतं माहीत नाही, आणि रेबीज एकदा सुरू झाला की औषध नाही. लशीच्या सगळ्या तारखांना आठवण करायला तुमचाच फोन यायचा. तसाच तो तापाच्या गोळीचा प्रसंग. ती एक दिवस मलूल होती तर शेजारून कोणीतरी पॅरासिटामॉलचा पाव तुकडा सुचवला. तुम्ही सांगितलंत की माणसाची ती साधी गोळी मांजराला विष आहे, आणि कुत्र्याच्या पिसवांची औषधंही मांजराला लावायची नाहीत, त्यांतल्या परमेथ्रिनने झटके येऊन मांजर मरतं. मग रिक्षा करून आपण डॉक्टरांकडे गेलो, जंताचं औषध वजन करून मिळालं आणि बाईसाहेब संध्याकाळी पडद्यावर चढल्या.

आमच्या ह्यांना खोका ठेवणाऱ्याला शोधायचंच होतं. जनावर असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे त्यांना तुम्हीच सांगितलंत, आणि वर, "पण आज आधी वाळू आणा," हेही. मला त्या माणसाचा राग अजून आहे. तो राहू दे.

काका, तुम्ही एकदाही पैसे घेतले नाहीत. रिक्षाचेसुद्धा. पेढे दिले तर अर्धे गोठ्यातल्या गाईला घातलेत. त्यामुळे उतराई कसं व्हायचं हा प्रश्न आहेच, पण तूर्त एक काम तुमच्याकडेच आहे. पुढच्या महिन्यात फोडणीचं ऑपरेशन ठरलंय. चार-पाच महिन्यांची झाली की मांजर गाभण राहू शकते आणि साधारण नऊ आठवड्यांत पिल्लं होतात, मग पुन्हा कोणाच्या तरी गेटाशी खोके, हे तुम्ही इतक्या वेळा ऐकवलंय की लेकीलाही पाठ झालंय. डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी आणायला सांगितलंय. पिंजऱ्यात ती माझ्याने जाणार नाही, तुमच्याने जाईल. तेव्हा तुम्ही यायचंच.

डालग्याची मात्र आशा सोडा. ते उपडं घालून ती त्यावर झोपते आणि कोणी हात लावला की पूर्वीसारखी फिसकारते. तुम्हाला नवीन डालगं बुरूडआळीतून आणून देते. माप सांगून ठेवा.

तुमची,
समोरच्या बिल्डिंगमधली ताई