विषय : ८ ओहमच्या खोक्यात ४ ओहमचे स्पीकर, आणि त्यावर तुमच्या ग्राहक सेवेचं गणित

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या ग्राहक सेवेशी बोलणं संपलं. म्हणजे माझं संपलं नव्हतं, फोन तिकडून ठेवला गेला. म्हणून आता लेखी.

तुमचा १०० वॉटचा, दोन बारा इंची स्पीकरचा सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवर चालणारा) गिटार कॉम्बो, म्हणजे एकाच पेटीत अ‍ॅम्प आणि स्पीकर, माझ्याकडे आहे. त्याच मॉडेलसाठी म्हणून तुम्ही जे स्पीकर अपग्रेड किट विकता ते मी मागवलं. अ‍ॅम्पच्या पाठीवर किमान लोड ४ ओहम, म्हणजे स्पीकरचा एकूण विद्युत विरोध याहून कमी नको, असं तुम्हीच छापलंय. आतले मूळ स्पीकर ८-८ ओहमचे, पॅरलल (शेजारी-शेजारी, करंट दोघांत वाटला जाईल असे) जोडलेले, म्हणजे बरोबर ४. किटच्या खोक्यावरही ८ ओहम. आतून निघालेल्या स्पीकरच्या फ्रेमवर मात्र ४ चा शिक्का. मल्टिमीटर लावला तर जुना स्पीकर ६.४ दाखवतो आणि नवे दोन्ही ३.४ च्या आसपास. किटमधली तुमची वायर पॅरललचीच आहे. अ‍ॅम्पला हात न लावता नुसत्या त्या वायरवर दोन्ही जोडून मोजले, मीटरवर १.७ आलं. म्हणजे अ‍ॅम्पच्या वाट्याला येणार २ ओहम, तुम्ही सांगितलेल्या किमान लोडच्या निम्मे.

चुकीचा माल आलाय, बदलून द्या. एका ईमेलचं काम होतं. त्या ईमेलला तुमचं उत्तर : "आवाज कमी ठेवून वाजवावे."

मग फोन. आजचं संभाषण तुमच्याकडे रेकॉर्ड असेलच, 'गुणवत्तेसाठी' करता ना, ते जरूर ऐका. तुमच्या प्रतिनिधीने आधी विचारलं, "सर, खोक्यावर काय लिहिलंय?" म्हटलं, आठ. "मग ते आठचेच आहेत." फ्रेमवर चार आहे म्हटल्यावर, "मीटर नेहमी कमीच दाखवतो सर, लोकांना हे माहीत नसतं." लोकांना माहीत आहे. मीटर नुसता डीसी रेझिस्टन्स (बॅटरीसारख्या एकदिश करंटला होणारा विरोध) मोजतो, छापलेले ओहम आवाजाच्या एसी सिग्नलसाठीचे असतात, त्यामुळे ८ ओहमचा स्पीकर सहा-साडेसहा दाखवतो. साडेतीन दाखवत नाही. हे सांगितल्यावर होल्ड. बराच वेळ तुमची जाहिरातीची धून ऐकली. परत येऊन साहेब म्हणाले, "टेक्निकल टीमशी बोललो सर. समजा ते चारचे आहेत. चार आणि चार किती?"

मी गप्प.

"सर, चार आणि चार?"

"आठ."

"मग झालं की! तुम्हाला आठच हवे होते."

ही बेरीज सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडल्यावर, होते, तुमची वायर पॅरलल आहे, पॅरललमध्ये चार-चारचे दोन होतात, असं म्हटलं. त्यावर ऐकायला मिळालं की मॅचिंग, म्हणजे स्पीकरचे ओहम जुळवणं, ट्यूब (व्हॉल्व्हवाल्या) अ‍ॅम्पला लागतं, सॉलिड स्टेटला लागत नाही, "तुम्ही चालू तरी करून बघा."

हे वाक्य तुमच्या सर्व्हिस सेंटरमधल्या कोणाही माणसाला वाचून दाखवा. सॉलिड स्टेटला ट्यूबसारखा मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही, ट्रान्झिस्टर सरळ स्पीकर चालवतात. लोडचे ओहम वाढले तर नुसती पॉवर कमी होते, पण ओहम निम्म्यावर आले की करंट दुप्पट. नशीब असेल तर प्रोटेक्शन सर्किट आउटपुट तोडेल. नसेल तर आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होईल आणि सप्लायचा डीसी थेट व्हॉइस कॉइलवर (स्पीकरच्या आतल्या तारेच्या वेटोळ्यावर) येऊन नवा स्पीकरही जाळेल. मग तुम्हीच म्हणणार, ग्राहकाने उघडला होता, वॉरंटी नाही. चालू करून बघा म्हणे!

वायर बदलून सिरीज करा, असं आता कोणी सुचवू नये. ८ ओहम होतील, अ‍ॅम्प सुखरूप राहील, पण पॉवर जवळपास निम्मी होईल, म्हणजे सुमारे ३ डेसिबल गेले. तेवढ्याच पॉवरवर जुना स्पीकर ९७ डेसिबल आवाज देणारा आणि किटमधला १००, अशी तुमचीच जाहिरात आहे. हे ३ डेसिबल म्हणजे अ‍ॅम्पची पॉवर दुप्पट केल्यासारखंच, त्यासाठीच तर पैसे मोजले. ते विकत घ्यायचे आणि तुमच्या चुकीपायी परत करायचे?

पण डोकं फिरलं ते शेवटच्या वाक्याने. "खरं सांगू का सर, सॉलिड स्टेटला कुठलाही स्पीकर लावा, काही फरक पडत नाही. आमची ट्यूबची रेंज बघा, लिंक पाठवतो." काही फरक पडत नसेल तर हे किट विकता कशाला? गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं झपाट्याने कापतो. ट्रान्झिस्टरच्या डिस्टॉर्शनची करकर कानाला किती टोचणार हे तोच ठरवतो, म्हणजे उलट इथेच जास्त फरक पडतो. रोलँडचा जेसी-१२० हा सॉलिड स्टेट अ‍ॅम्प १९७५ पासून लोक वाजवताहेत, ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग लॅब सिरीजच्या एल-५ या सॉलिड स्टेटवरच वाजवायचे. सॉलिड स्टेट घेणारा म्हणजे ट्यूब न परवडलेला, हे तुमच्या कंपनीचं अधिकृत मत असेल तर तसं खोक्यावर छापा. ओहमपेक्षा तरी खरं निघेल.

लिंक मात्र फोन चालू असतानाच आली. स्पीकर बदलून देण्याबद्दल अजून अक्षर नाही.

मला ८ ओहमचे दोन स्पीकर हवेत. चुकीचे तुमच्या खर्चाने घेऊन जा. मागच्या एक्स्टर्नल जॅकला बाहेरचं स्पीकर कॅबिनेट लावलं की आतले स्पीकर बंद होतात की पॅरलल राहतात, हे पहिल्याच ईमेलमध्ये विचारलं होतं. मॅन्युअलमध्ये नाही, तुमच्या लोकांनाही सांगता येत नाही. तेही लिहून कळवा. 'आवाज कमी ठेवा' हे त्याचं उत्तर नाही. आठवड्याभरात लेखी उत्तर आलं नाही तर फ्रेमचा, खोक्याचा आणि मीटरचा फोटो घेऊन ग्राहक न्यायालयात जाणार आहे. तिथे चार आणि चार किती ते तुमच्या टेक्निकल टीमने सांगावं.

तुमचा ग्राहक (अजून तरी)

ता. क. : ९ व्होल्टची बॅटरी दोन्ही स्पीकरच्या टर्मिनलला क्षणभर लावून पाहिली, लाल टिंबाला पॉझिटिव्ह. एकाचा कोन (पुढचा कागदी पडदा) बाहेर आला, दुसऱ्याचा आत गेला. एकाचं टिंबच उलट्या टर्मिनलवर आहे. तसेच जोडले असते तर दोघांनी मिळून बेस खाऊन टाकला असता. बदलून पाठवाल तेव्हा निदान एका दिशेला हलणारे पाठवा.