पंचनाम्यासाठी मेलेलं जनावर किती वेळ ठेवायचं?

संपादक साहेब, नमस्कार.
२०२२ च्या साथीत लम्पी (गाई-बैलांचा त्वचारोग) राज्यात आधी आपल्या जळगाव जिल्ह्यातच, रावेर तालुक्यात ऑगस्टमध्ये सापडला. तेव्हा सरकारने गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार दिले, ते बरंच केलं, नाही म्हणणार नाही. पण माझा बैल गेला तेव्हा पंचनाम्याला कोणी येईना, फोन केला की उद्या येतो, इकडे पोट फुगलेलं, माश्या, शेजारच्या गोठ्यात दुभत्या म्हशी, शेवटी दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब आले मग जेसीबीने खड्डा केला. कानातला पिवळा बिल्ला आईने धुऊन डब्यात ठेवलाय, अजून आहे. पैसे मिळाले पण आधार लिंक नाही म्हणून पाच चकरा झाल्या.

दुसरं म्हणजे आपत्तीच्या मदतीत २०२२-२६ च्या निकषांत दुभतं जनावर ३७,५०० आणि शेळी-मेंढी ४,००० असा दर होता, पण एका कुटुंबाला मोठी दुभती तीन नाहीतर लहान तीसच धरायचे. आता साक्रीकडच्या आपल्या ठेलारी मेंढपाळ भाऊंचं बघा, वीज पडून पन्नास मेंढ्या गेल्या तर वरच्या वीसचं काय? आणि ते रानोमाळ फिरणारे, पंचनामा करायचा कोणत्या तलाठ्याने, गावच्या की जिथे मेंढ्यांचा वाडा बसलाय तिथल्या? मेंढ्यांना अशी मर्यादा नको आणि फोटो-व्हिडिओवर पंचनामा त्याच दिवशी धरा, एवढी विनंती छापा.

– एक पशुपालक, ता. यावल