दुकानातच बोलला, तरच तो लॅपटॉप आमच्या कामाचा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार काढून घेतला आणि तेव्हापासून नवा लॅपटॉप घ्यावा की जुन्यावरच लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम घालावी, याची चर्चा मुंबईतल्या अनेक घरांत सुरू आहे. मी जन्मापासून दृष्टिहीन आहे आणि माझे लिहिण्यावाचण्याचे सारे काम स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, आवाजावर चालते. लॅपटॉप निवडताना प्रोसेसर, रॅम आणि किंमत यांच्याही आधी आम्हाला एक गोष्ट कळावी लागते, आणि ती ना खोक्यावर छापलेली असते, ना दुकानदाराला ठाऊक असते. ऑपरेटिंग सिस्टीम घालत असताना, अगदी पहिल्या प्रश्नापासून, हा लॅपटॉप बोलेल का?

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी आपल्या परीने हा विचार केलेला आहे. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात २०१३ सालच्या ‘व्हीझी’ आवृत्तीपासून इन्स्टॉलरला, म्हणजे सिस्टीम घालणाऱ्या प्रोग्रॅमला, आवाज आहे; सुरुवातीच्या मेनूवर ‘एस’ दाबून एंटर केले की पुढचा प्रत्येक प्रश्न वाचून दाखवला जातो. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून डेस्कटॉप आला की विंडोजचे चिन्ह असलेली कळ, ऑल्ट आणि एस एकदम दाबताच ऑर्का हा स्क्रीन रीडर बोलू लागतो. ईस्पीक एनजी हे आवाजाचे इंजिन मराठीसुद्धा वाचते. यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत. घोडे अडते ते लॅपटॉपच्या आतल्या ध्वनिचिपपाशी.

गेल्या काही वर्षांतल्या इंटेल प्रोसेसरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये आवाजाचे काम एका वेगळ्या सिग्नल प्रोसेसरकडे दिलेले असते आणि तो सुरू होण्यासाठी फर्मवेअरची, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, फाइल लागते. ती पेनड्राइव्हवर नसली, तर पडद्यावर सर्व काही व्यवस्थित दिसते, मात्र स्पीकरमधून चकार शब्द येत नाही. डोळस माणसाला आवाज नाही हे इन्स्टॉलेशन संपल्यावर कळले तरी चालते. आमचे काम पहिल्या पायरीवरच थांबते.

२०२२ च्या दिवाळीत मी ग्रँट रोड परिसरातल्या एका दुकानातून लॅपटॉप घेतला. पेनड्राइव्ह लावून ऐकू द्या, अशी विनंती केली, तेव्हा सील फोडल्यास माल परत घेणार नाही, असे उत्तर मिळाले. घरी येऊन डेबियनचा पेनड्राइव्ह लावला, ‘एस’ आणि एंटर दाबले व थांबलो. आवाज आला नाही. मशीन चालू होते, कारण कडेच्या जाळीतून येणारी गरम हवा तळहाताला लागत होती. पेनड्राइव्ह बिघडला, मेनूच आला नाही, की फक्त आवाज गेला, हे ठरवायला माझ्याजवळ कोणतेही साधन नव्हते. मी पुन्हा पुन्हा एंटर दाबला. अखेर शेजारच्या मुलाला बोलावले. त्याने पडदा वाचून सांगितले की इन्स्टॉलेशन नीट चालू आहे आणि माझ्या एंटरांनी दोन प्रश्नांची उत्तरे परस्पर जाऊन बसली आहेत. थोडे पुढे गेले की डिस्कच्या विभागणीचा प्रश्न येतो, आणि तो न ऐकता कळ दाबणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

त्या काळी डेबियनच्या मूळ अधिकृत इमेजमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हवर उतरवायच्या फाइलमध्ये, असे फर्मवेअर नसे. ते मुक्त परवान्यात बसत नाही, एवढेच त्याचे कारण. २०२२ मध्येच झालेल्या मतदानानंतर धोरण बदलले आणि जून २०२३ च्या ‘बुकवर्म’पासून ते इमेजमध्येच येते. मला त्या वेळी तारले ते बोटाएवढ्या यूएसबी साऊंड कार्डाने. काही शे रुपयांत मिळणाऱ्या या वस्तूला सहसा वेगळे फर्मवेअर लागत नाही. एकापेक्षा अधिक साऊंड कार्डे आढळली, तर इन्स्टॉलर प्रत्येकावर बोलून पाहतो आणि जिथे ऐकू येईल तिथे एंटर दाबायला सांगतो. ज्याने हे सुचवले, त्याला आमच्या अडचणीची खरी जाण असली पाहिजे.

म्हणून लॅपटॉप घेताना इयरफोनसाठी ३.५ मिलिमीटरचे छिद्र असलेला पाहावा, कारण इन्स्टॉलेशनच्या वेळी ब्लूटूथवर विसंबता येत नाही. शक्य तर वेगळा नंबर पॅड असलेला घ्यावा, कारण स्क्रीन रीडरच्या बऱ्याच आज्ञा त्यावर असतात. नसल्यास कॅप्स लॉकवर काम भागते. बायोस, म्हणजे सिस्टीम सुरू होण्याआधीचा लॅपटॉपचा सेटिंगचा पडदा, मात्र मुकाच असतो. तिथे कोणताही स्क्रीन रीडर चालत नाही, तेव्हा पेनड्राइव्हवरून सुरू होण्याची सोय दुकानातच करून घ्यावी आणि बूट मेनूची, म्हणजे कशावरून सुरू व्हायचे ते निवडण्याच्या यादीची, कळ विचारून ठेवावी. ती कंपनीगणिक बदलते. मित्राचे मॉडेल बोलते एवढ्यावर मात्र भरवसा ठेवू नये, कारण एकाच नावाच्या दोन लॅपटॉपमध्ये ध्वनिचिप निराळी असू शकते.

माझी दुकानदारांना कळकळीची विनंती आहे की मांडून ठेवलेल्या नगावर तरी दृष्टिहीन ग्राहकाला स्वतःचा पेनड्राइव्ह लावून ऐकू द्यावे. उबुंटूसारखी सिस्टीम डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते आणि त्याला पाच-दहा मिनिटे पुरतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांना वापरता येतील अशा रचनेत उपलब्ध व्हावीत यासाठी पावले उचलणे शासनाचे कर्तव्य आहे, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे म्हटले आहे. महाविद्यालये आणि शासकीय कार्यालये लॅपटॉपची एकगठ्ठा खरेदी करतात, तेव्हा निविदेत ‘इन्स्टॉलेशनच्या वेळी आवाज चालला पाहिजे’ अशी अट घालणे त्यांना अवघड नाही.

आपल्या दैनिकात नव्या लॅपटॉपची परीक्षणे येतात. बॅटरी किती तास चालली हे जसे त्यांत लिहिले जाते, तसेच लिनक्सचा पेनड्राइव्ह लावल्यावर स्पीकर बोलला की नाही, ही एक ओळही आपल्या परीक्षकांनी करून पाहून लिहावी, अशी विनंती करतो.

आपला,
एक दृष्टिहीन वाचक
परळ, मुंबई