आई-बाबा, नाईट शिफ्ट सोडली

ती. आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबांनी 'बरं' म्हणून फोन ठेवला असता, म्हणून लिहितेय. नाईट शिफ्ट सोडली. कंपनी तीच, टीम दिवसाची, पगार थोडा कमी, पण फ्लॅटचा हप्ता निघतोय, बाबा तुम्ही वही काढून बसू नका, हिशोब मी केलाय.

कारण झोप. लोकांना जागरण झालं की डोकं जड होतं, मला उलट तरतरी येते, ३ तास झोपून पण वाटतं आज अख्खं घर घासून काढू, आणि बायपोलरमधला मॅनिया, म्हणजे तो अति उत्साहाचा झटका, तिथूनच चढायला लागतो. पन्हाळ्याच्या वेळी पण आधी झोपच गेली होती ना. गोळ्या चालू असल्या तरी झोपेची वेळ रोज बदलली की आजाराला निमित्त मिळतं, असं डॉक्टर म्हणतात. आता १० ला मोबाईल स्वयंपाकघरात, सकाळी साडेसहाला उठायचं म्हणजे उठायचं, रविवारी पण, आणि मन उदास असलं तरी. दुपारी ४ नंतर चहा बंद (हे सगळ्यात अवघड, आई).

बाकी मी मजेत. पोळ्या-भाजीला मावशी येतात, खिडकीला जाड पडदे लावलेत. तरी झोप लागली नाही की तुझी काशाची वाटी आठवते, तळपायाला तूप लावून घासायचीस आणि तूप काळं झालं की म्हणायचीस, बघ केवढी उष्णता निघाली. दिवाळीत घासशील ना? एवढी घोडी झालेय तरी.

आता ऐका. कोजागिरीला येईन, पण दिवसाच्या गाडीने, आणि दूध पिऊन १० ला झोपणार, आत्याला आधीच सांगून ठेवा म्हणजे ती रुसणार नाही. माझं डोकं दुखलं तर तुझ्या डब्यातली कॉम्बिफ्लाम देऊ नकोस, त्याने माझ्या गोळीतलं लिथियम रक्तात वाढतं. निर्जळी एकादशी पण नाही, त्याच कारणाने. बाबा, शेजारच्या काकांची झोपेची गोळी मला नकोच, तुम्हीही घेऊ नका, बीपीची तेवढी वेळेवर घ्या.

आणि मी रात्री २ ला मेसेज टाकायला लागले, बडबड वाढली, तर वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका, लगेच दादाला सांगा. मी चिडेन. चिडू दे.

शनिवारी सकाळी लिथियमची लेव्हल बघायला रक्त द्यायचंय, रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी देतात, तेव्हा फोन उचलला नाही तर घाबरू नका.

तुमची,
चिऊ